तीव्र मानसिक आजार आणि पालक : स्किझोफ्रेनियाग्रस्त अपत्याच्या कुटुंबाचा विचार

बीजसंज्ञा : स्किझोफ्रेनिया, पालक, शुभंकर, व्यक्त भावना, पुनरुद्भव, पुनर्वसन.

प्रस्तावना :

एखादा विद्यार्थी प्रथम वर्षाला उत्तम गुण मिळवतो, द्वितीय वर्षात तासांना येईनासा होतो, अंतर्गत परीक्षेची उत्तरपत्रिका कोरी ठेवतो आणि यथावकाश त्याचे नाव हजेरीपटावरून कमी होते. महाविद्यालयाच्या दप्तरात त्याची नोंद ‘गळती’ या सदराखाली होते. घरी मात्र त्याच सुमारास वेगळेच काही सुरू झालेले असते. मुलगा रात्ररात्र जागतो, खिडकीला वर्तमानपत्राचे कागद चिकटवतो, शेजारी आपल्याविषयीच बोलत असल्याचे सांगतो, आईने वाढलेले ताट हुंगून बाजूला सारतो. आईवडील प्रथम अभ्यासाचा ताण म्हणतात, मग वाईट संगत म्हणतात, मग प्रेमभंग म्हणतात. नातेवाइकांपैकी कोणीतरी ‘बाहेरचे काही’ असल्याचे सुचवते. मनोविकारतज्ज्ञाचा दवाखाना बहुधा या यादीत सर्वांत शेवटी येतो.

स्किझोफ्रेनिया किंवा छिन्नमनस्कता या आजाराविषयी मराठीत वैद्यकीय माहिती देणारे लेखन आता पुरेसे उपलब्ध आहे. ते बहुतांशी रुग्णाविषयी असते. प्रस्तुत लेखात रुग्णाच्या शेजारी उभ्या असलेल्या, पण उपचारव्यवस्थेच्या नजरेतून निसटणाऱ्या पालकांचा विचार केला आहे. भारतात तीव्र मानसिक आजाराची शुश्रूषा प्रत्यक्षात कोणी करत असेल तर ती कुटुंब ही संस्थाच करते आणि ही संस्था विनावेतन, विनारजा व विनाप्रशिक्षण चालते.

आजाराचे स्वरूप :

स्किझोफ्रेनिया म्हणजे ‘दुहेरी व्यक्तिमत्त्व’ नव्हे. चित्रपटांनी रूढ केलेला हा गैरसमज सुशिक्षितांतही आढळतो. नसलेले आवाज ऐकू येणे, पुराव्याने न हटणारे संशय, विचारांतील विस्कळीतपणा ही या आजाराची ठळक लक्षणे होत. त्यांच्या जोडीला दुसऱ्या प्रकारची लक्षणे असतात : इच्छाशक्ती ओसरणे, बोलणे कमी होणे, चेहऱ्यावरील भाव मावळणे, स्नान-कपडे यांविषयी अनास्था. पहिल्या प्रकारची लक्षणे औषधांनी बऱ्याच अंशी आटोक्यात येतात. दुसऱ्या प्रकारची लक्षणे चिवट असतात आणि पालकांची खरी परीक्षा तीच पाहतात, कारण ती आजारासारखी दिसत नाहीत. ती आळसासारखी दिसतात.

पुरुषांमध्ये हा आजार बहुधा किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशीच्या पूर्वार्धात, तर स्त्रियांमध्ये काहीसा उशिरा सुरू होतो. मूल हाताशी येण्याची जी वेळ, नेमकी तीच ही वेळ होय. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) तीव्र मानसिक आजारांचे आयुष्यकालीन प्रमाण १.९ टक्के आढळले. हे सर्वेक्षण बारा राज्यांत झाले व त्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता, ही बाब राज्यातील अभ्यासकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

दोष कोणाचा :

निदान झाल्यावर पालकांच्या मनात येणारा पहिला प्रश्न उपचाराचा नसतो. ‘आमचे काय चुकले?’ हा तो प्रश्न असतो. परंपरेने या प्रश्नाची उत्तरे तयार ठेवलेली आहेत : पूर्वजन्मीचे भोग, कुलाचार चुकला, कोणाचा तळतळाट लागला. यांवर आधुनिक शिक्षणाने मात केली असती असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास आधुनिक शास्त्राने स्वतःच एक तळतळाट पालकांच्या पदरी घातला. फ्रीडा फ्रॉम-राइखमान या मनोविश्लेषक विदुषीने १९४८ मध्ये ‘स्किझोफ्रेनियाजनक माता’ ही संकल्पना मांडली. थंड, वर्चस्व गाजवणारी आई मुलास या आजाराकडे ढकलते असा तिचा आशय होता. १९५६ मध्ये ग्रेगरी बेट्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुटुंबातील परस्परविसंगत संदेशांमध्ये आजाराचे मूळ शोधले. या उपपत्तींना पुढील संशोधनाने आधार दिला नाही. आनुवंशिकता व मेंदूच्या जडणघडणीतील घटक यांचा वाटा मोठा असल्याचे स्पष्ट झाले. आईवडिलांपैकी एकास हा आजार असल्यास अपत्यास तो होण्याची शक्यता सुमारे १० टक्के असते. याचाच अर्थ अशा बहुसंख्य अपत्यांना तो होत नाही आणि आजार झालेल्या अनेकांच्या आईवडिलांना तो नसतो.

तथापि कल्पना शास्त्रातून हद्दपार झाली म्हणून समाजातून जात नाही. ‘आई नोकरी करायची ना, म्हणून’ हे वाक्य आजही उच्चारले जाते, आणि उच्चारणारे अशिक्षित असतात असे नव्हे. अमेरिकेत १९७९ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे रुग्णांच्या नातेवाइकांनी, मुख्यतः पालकांनी, मानसिक आजारासाठीची जी राष्ट्रव्यापी संघटना उभी केली, तिच्या मागे या दोषारोपाविरुद्धचा संतापही होता.

अपराधभावाचा व्यावहारिक परिणाम अधिक गंभीर असतो. स्वतःस दोषी समजणारा पालक आजार लपवतो, लपवल्याने उपचार लांबतो आणि उपचार लांबल्याने आजार मुरतो. तोच पालक प्रायश्चित्त म्हणून देवस्थाने पालथी घालतो. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. दर्ग्याच्या परिसरातील अशा आश्रमांत मुलांना सोडून जाणारे आईवडील निर्दय होते असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. त्यांच्यापैकी अनेकांना दुसरे दार ठाऊकच नव्हते. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साखळीने बांधणे हे त्यान्वये गुन्हे ठरले. कायद्याने एक दार बंद केले, हे योग्यच झाले. दुसरे दार किती गावांत उघडले, हा प्रश्न मात्र उरतो. ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी ही राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालये होत. या चारांपैकी एकही मराठवाड्यात नाही.

घर नावाचा दवाखाना :

रुग्णालयातून मूल घरी येते, तेव्हा पालकांच्या हाती औषधांची चिठ्ठी असते आणि पुढील तपासणीची तारीख असते. दोन तारखांमधील दिवस कसे काढायचे हे त्या चिठ्ठीवर नसते.

पहिला झगडा औषधांचा. आजार असल्याची जाणीवच नसणे हे या आजाराचे एक लक्षण आहे. ‘मला काही झालेले नाही, गोळ्या तुम्ही घ्या’ हे रुग्णाचे म्हणणे हट्टीपणाचे नसून अनुभवाचे असते. त्याला ऐकू येणारा आवाज त्याच्यापुरता खराच असतो. उलटपक्षी गोळ्या नियमित घेतल्याने बरे वाटू लागले की ‘आता कशाला?’ म्हणून त्या बंद होतात. त्यानंतर काही आठवड्यांनी वा महिन्यांनी आजार उलटतो. त्यात गोळ्यांचे दुष्परिणाम असतात : वजन वाढणे, झोप येत राहणे, हात कापणे, तोंडाला लाळ सुटणे. सकाळी दहापर्यंत झोपणाऱ्या मुलाची झोप औषधाची आहे, आजाराची आहे की सवयीची, याचा निवाडा आईने रोज करावयाचा असतो. चहात किंवा आमटीत गोळी कुटून घालण्याचा मार्ग भारतीय घरांत सर्रास अवलंबिला जातो. तो अवलंबणाऱ्या आईला नीतिशास्त्राचे धडे देणे सोपे आहे. परंतु एकदा हे उघडकीस आले की ‘जेवणात विष कालवतात’ हा मुलाचा भ्रम घरानेच खरा करून दाखवल्यासारखे होते आणि नंतर तो अन्नच नाकारतो. पंधरा दिवसांनी वा महिन्याने घ्यावयाच्या दीर्घप्रभावी इंजेक्शनांचा पर्याय अस्तित्वात आहे; पालकांनी तो डॉक्टरांना विचारावा, चोरून औषध देणेही डॉक्टरांपासून लपवू नये.

दुसरा झगडा शब्दांचा. समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन यांना लंडनमध्ये १९५० च्या दशकात एक विचित्र गोष्ट आढळली. रुग्णालयातून आईवडिलांच्या वा जोडीदाराच्या घरी परतलेले काही रुग्ण, भाड्याच्या खोलीत वा भावंडांकडे गेलेल्यांपेक्षा लवकर पुन्हा आजारी पडत. या निरीक्षणातून ‘व्यक्त भावना’ ही संकल्पना विकसित झाली. घरातील टीका, वैरभाव आणि अतिगुंतवणूक यांची तीव्रता अधिक असल्यास आजाराचा पुनरुद्भव अधिक होतो. ख्रिस्तीन व्हॉन व ज्युलियन लेफ यांच्या १९७६ च्या अभ्यासात अशा घरांत आठवड्याला ३५ तासांहून अधिक समोरासमोरचा सहवास धोक्याचा ठरला.

मराठी घरात याचे रूप ओळखीचे आहे. वडील म्हणतात, ‘तुझ्या वयात मी घर चालवत होतो. लाज वाटत नाही लोळत पडायला?’ आई म्हणते, ‘राहू दे हो, मी घालते आंघोळ त्याला.’ चोवीस वर्षांच्या मुलाला ती घास भरवते, रात्री त्याच्या उशाशी बसून राहते, स्वतःचे माहेर, भिशी, भजनी मंडळ सारे सोडते. वडिलांचे बोलणे टीकेत मोडते, तर आईचे वागणे अतिगुंतवणुकीत. दोघांमध्ये यावरून अबोला असतो. पण दोन्हींचे मूळ एकच असते. लक्षण कोणते आणि मूल कोणते, यांतील सीमारेषा दोघांनाही कोणी दाखवलेली नसते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. व्यक्त भावनांची ही उपपत्ती हाती घेऊन पालकांना पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा मोह होतो. तो अन्याय होईल. टीका आजार निर्माण करत नाही. निर्माण झालेल्या आजाराशी एकट्याने झुंजताना थकलेल्या माणसाच्या तोंडून ती निघते.

या संकल्पनेची भारतीय बाजू आशादायक आहे. चंदिगढ येथे नरेंद्र विग, लेफ व सहकाऱ्यांनी केलेल्या, १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीव्र व्यक्त भावना असलेल्या कुटुंबांचे प्रमाण लंडनच्या मानाने बरेच कमी आढळले आणि घटकांपैकी वैरभावाचा संबंध पुनरुद्भवाशी स्पष्ट दिसला. एकत्र कुटुंबात एकाच्या रागाला दुसऱ्याची मध्यस्थी मिळते, हे याचे एक कारण असू शकेल. पण १९८७ चे ते घर आज राहिले आहे काय? दोन खोल्यांच्या सदनिकेत आई, वडील आणि आजारी मूल अशी तिघेच असतात, तेव्हा ३५ तास दोन-तीन दिवसांतच भरतात. अंतर राखण्याचा सल्ला देणाऱ्याने ते कोणत्या खोलीत राखायचे हेही सांगावयास हवे.

त्यावर मार्ग निघतात, पण ते घराबाहेर जाणारे असतात. मुलाने दिवसाचे तीन-चार तास घराबाहेर, दिवसकेंद्रात किंवा झेपेल अशा कामात घालवणे आणि आईने तिची भजनी मंडळाची जागा परत मिळवणे, हे दोन्ही उपचारच होत. सूचना एका वेळी एकच द्यावी, भ्रमाशी वाद घालू नये व त्याला दुजोराही देऊ नये, ‘तुला तसे वाटते, त्याने भीती वाटत असेल’ एवढेच म्हणावे, हे तंत्र शिकता येते. कुटुंबास असे शिक्षण दिल्यास पुनरुद्भवाचे प्रमाण घटते, हे अनेक देशांतील संशोधनातून सिद्ध झाले आहे. किंबहुना कुटुंबाला उपचारात ओढण्याचा प्रयोग भारतात फार लवकर झाला. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहू दिले. नातेवाईक शुश्रूषा करत, एकमेकांचे पाहून शिकत आणि घरी जाताना आजाराची भीती मागे टाकून जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही कुटुंबासह निवासाची पद्धत रुजवली.

महाराष्ट्रात हे काम प्रामुख्याने स्वमदत गटांनी केले. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने पुण्यात १९९७ मध्ये स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन झाली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थने १९९० पासून असेच कार्य उभारले. या वर्तुळांत रुग्णास ‘शुभार्थी’ व काळजीवाहकास ‘शुभंकर’ म्हणतात. शब्द बदलल्याने आजार बदलत नाही, हे खरे. परंतु ‘वेड्याचा बाप’ म्हणून गावात ओळखला जाणारा माणूस महिन्यातून एकदा ‘शुभंकर’ म्हणून सतरंजीवर बसतो आणि शेजारच्या बाईंना ‘तुमचा गोळी कशी घेतो हो?’ असे मोकळेपणाने विचारतो, याचे मोल केवळ शाब्दिक नाही. शहराबाहेरही हे साधू शकते. सातारा, गोवा व तमिळनाडू येथे प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी घरी जाऊन दिलेल्या साहाय्याची चाचणी २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. २८२ रुग्णांच्या या चाचणीत केवळ दवाखान्यातील उपचारांपेक्षा या जोड-उपचाराचा परिणाम माफक, पण सरस दिसून आला.

विवाहाचा ‘उपाय’ :

‘लग्न करून द्या, जबाबदारी पडली की सुधारेल’ हा सल्ला न मिळालेला पालक विरळा. त्यामागे लबाडी असतेच असे नाही. बहुधा थकवा असतो. आपला भार घेणारे कोणी यावे, एवढीच त्यात आशा असते. तो भार ज्या अनोळखी मुलीच्या शिरावर जातो, तिला मात्र काही सांगितलेले नसते. आजार लपवून केलेल्या विवाहात गोळ्याही लपवाव्या लागतात, त्या चुकतात, आणि लग्नाच्या धावपळीत, जागरणांत आजार उफाळतो. मुलगी आजारी असल्यास तिला माहेरी आणून सोडले जाते आणि पालकांपुढे आजार व कोर्टकचेरी असे दोन्ही उभे राहते. हिंदू विवाह कायद्यातील (१९५५) घटस्फोटाच्या कारणांत मानसिक विकाराच्या स्पष्टीकरणात स्किझोफ्रेनियाचा नामोल्लेख आहे. मात्र केवळ निदान घटस्फोटास पुरेसे नाही, आजाराची तीव्रता एकत्र राहणे अशक्य करणारी असावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये राम नारायण गुप्ता खटल्यात व पुन्हा २०१३ मध्ये स्पष्ट केले. आजार उघड सांगून, औषधे चालू ठेवून झालेले विवाह टिकल्याची उदाहरणे आहेत. अडचण विवाहात नसून लपवण्यात आहे.

कायदा आणि पालक :

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमत होऊन २९ मे २०१८ पासून लागू झाला. रुग्णाची संमती हा त्याचा पाया आहे. प्रौढ रुग्णास आपला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ स्वतः निवडता येतो. तो आईवडीलच असावा असे बंधन नाही. अनेक पालकांना हे अपमानास्पद वाटते. ज्या आजारात उपचार नाकारणे हेच लक्षण आहे, त्यात संमतीचा आग्रह धरायचा तरी कसा, हा त्यांचा प्रश्न निरर्थक म्हणता येणार नाही. कायद्याने त्याची सोय अंशतः केली आहे. रुग्णास निर्णयासाठी मोठ्या साहाय्याची गरज असेल व स्वतःस वा इतरांस धोका किंवा स्वतःची काळजी घेण्यास असमर्थता असेल, तर प्रतिनिधीच्या अर्जावरून, दोन तज्ज्ञांच्या स्वतंत्र तपासणीनंतर प्रथम ३० दिवसांपर्यंत दाखल करता येते. जुन्या काळी केवळ नातेवाइकांच्या शब्दावर वर्षानुवर्षे कोंडलेल्या माणसांचा इतिहास पाहता संमतीची ही बूज राखणे आवश्यकच होते. याच कायद्याने आरोग्य विम्यात मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने स्थान देणे बंधनकारक केले, ही माहिती पालकांपर्यंत पुरेशी पोहोचलेली नाही.

आमच्यामागे कोण :

पालकांचे वय साठीकडे झुकले की बाकी सर्व प्रश्न मागे पडून हा एकच उरतो. बौद्धिक अक्षमता, आत्ममग्नता, सेरेब्रल पाल्सी व बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी पालकत्वाची व्यवस्था राष्ट्रीय न्यास कायद्याने १९९९ मध्ये केली. मानसिक आजार त्यात नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने (२०१६) मानसिक आजारास दिव्यांगत्वाच्या यादीत घेतले व मर्यादित पालकत्वाची तरतूद केली. तथापि ती एकेका निर्णयापुरती असते. परिणामी पालकांना मृत्युपत्र, खाजगी न्यास आणि विश्वासू माणूस यांवरच विसंबावे लागते. यांतील तिसरी गोष्ट सर्वांत दुर्मीळ.

नोकरदार पालकांसाठी एक तरतूद महत्त्वाची आहे. केंद्रीय नागरी सेवा निवृत्तिवेतन नियमांनुसार, मानसिक विकारामुळे उपजीविका मिळवण्यास असमर्थ असलेल्या अपत्यास २५ वर्षांच्या वयोमर्यादेनंतरही आजीवन कुटुंबनिवृत्तिवेतन मिळू शकते. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. ‘शिक्का बसेल’ म्हणून प्रमाणपत्र न काढणारे पालक हयातीत प्रतिष्ठा राखतात व मागे मुलास कागदावाचून ठेवतात. महाराष्ट्र शासनाने १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या कर्मचाऱ्यांसाठी अंशदान योजना आणली. त्यानंतर सेवेत आलेल्या प्राध्यापक-पालकाने आपल्याला नेमके कोणते नियम लागू होतात हे निवृत्तीची वाट न पाहता तपासणे बरे.

उरतात भावंडे. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (२००४) या चित्रपटात स्किझोफ्रेनियाग्रस्त शेषची काळजी वाहते ती त्याची बहीण, तीही स्वतःच्या संसारात राहून. पालक बहुधा निरोगी भावंडाला आजारापासून दूर ठेवतात, परगावी शिकायला पाठवतात, त्याच्या लग्नात अडथळा नको म्हणून घरात विषयच काढत नाहीत. मग एके दिवशी, कोणतीही पूर्वतयारी नसता, सारी जबाबदारी त्याच्यावर येऊन पडते. औषधांची नावे, डॉक्टरांचा पत्ता, आजार उलटण्यापूर्वीच्या खुणा, मुलाला काय आवडते आणि कशाने तो बिथरतो, हे सर्व एका वहीत लिहून ठेवण्याचे काम पालकांनी हिंडतेफिरते असतानाच करावे.

महाविद्यालयाच्या दारात :

आजाराचे वय आणि महाविद्यालयाचे वय एकच असल्याने, घराबाहेरच्या माणसांपैकी हा बदल प्रथम दिसतो तो शिक्षकास. सुकदेव साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा सामाजिक कार्यकर्ता नेमावयाचा आहे. ‘टेली-मानस’ ही केंद्र शासनाची १४४१६ क्रमांकाची दूरध्वनी सेवाही १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तथापि समुपदेशकाकडे विद्यार्थी आपणहून जाईल ही अपेक्षा या आजारात फोल आहे. वर्गशिक्षकाने पालकांना बोलावून ‘तुमचा मुलगा उनाडक्या करतो’ असे सांगायचे, की ‘गेल्या सहा महिन्यांत तो बदलला आहे, एकदा मनोविकारतज्ज्ञांना दाखवा’ असे सांगायचे, यावर उपचाराची काही महत्त्वाची वर्षे अवलंबून असतात.

दोन-तीन वर्षांनी आजार आटोक्यात आल्यावर असाच एखादा बाप मुलाला घेऊन पुन्हा प्रवेशासाठी येतो. कार्यालयाच्या खिडकीतून शैक्षणिक खंडाचे प्रतिज्ञापत्र मागितले जाते. खंडाचे कारण या रकान्यापाशी तो थबकतो, मुलाकडे पाहतो, आणि ‘घरगुती अडचण’ असे लिहून सही करतो.